दोन धैर्यधर आणि पावणेदोन भामिनी

आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे छप्पर ज्या वर्षी कादंबरी-विभागावर कोसळले, आणि तेही सुदैवाने अशा वेळी की आत एकही वाचक नव्हता (अर्थात ते इतर कोणत्याही वेळी कोसळते तरी हे सुदैव आमच्या वाट्यास आलेच असते), त्या वर्षी मी त्या संस्थेचा चिटणीस होतो. छप्पर कोसळणे ही आपत्ती खरीच. परंतु ते पुन्हा उभारण्याकरिता एखाद्या जुन्या, गाजलेल्या नाटकाचा प्रयोग लावावा, आणि लावायचाच तर त्यात गावची हौशी पोरे न घालता महाराष्ट्रातले नामांकित नट आणावेत, असा जो ठराव कार्यकारी मंडळाने एकमताने संमत केला, त्याच्या मानाने छप्पर कोसळणे ही नुसती नांदी होती.

ठराव रावसाहेबांचा. रावसाहेब आमचे तहहयात अध्यक्ष. मामलेदारीवरून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षे झाली असली तरी मामलेदारी त्यांच्यावरून अद्याप निवृत्त झालेली नव्हती, आणि घरात भाजी आली तरी तिचा पंचनामा झाल्यावाचून ती चुलीवर चढत नसे. मुंबईच्या मराठी साहित्य संघाने खाडिलकरांची 'भाऊबंदकी' नव्याने उभी केली, तीत नानासाहेब फाटकांनी राघोबादादा आणि दुर्गाबाई खोट्यांनी आनंदीबाई रंगवली, आणि १९५४ साली दिल्लीच्या नाट्यमहोत्सवात त्या प्रयोगाने पहिला मान मिळवला, ही बातमी त्यांनी वर्तमानपत्रातून कापून कोटाच्या आतल्या खिशात जपून ठेवली होती. ती सभेपुढे सावकाश वाचून, चष्मा पुसून, ते म्हणाले,

"मुंबईस जे साधते ते आपल्या तालुक्यास का साधू नये?"

या प्रश्नाची निदान शंभर उत्तरे होती. पण नेमका त्याच वेळी चहा आला.

आता नाटक कोणते? 'शारदा' काढावी तर तीत म्हाताऱ्याच्या लग्नाचा विषय, आणि आमच्या खजिनदारांनी नुकताच, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तिसरा विवाह केलेला. 'एकच प्याला' काढावा तर दारूबंदीचे दिवस, आणि उपाध्यक्षांची प्रकृतीच्या कारणास्तव परमिट मिळवण्याची खटपट ऐन रंगात आलेली. 'सौभद्रा'त मुलीला पळवून नेतात, आणि वकीलसाहेबांच्या घरी तसे गेल्या मार्गशीर्षातच घडले होते. अशा रीतीने मराठी रंगभूमीची एकेक रत्ने नाकारली जाऊन शेवटी उरले ते खाडिलकरांचे 'मानापमान', की ज्याविषयी कोणासच हरकत दिसेना. कारण त्यातला विषय मान आणि अपमान एवढाच, आणि या दोहोंपासून आपण सर्वस्वी अलिप्त आहोत अशी मंडळातल्या प्रत्येकाची स्वतःविषयी प्रामाणिक समजूत होती.

'मानापमान' हे नाव निघताच आमचे सर्वांत वयोवृद्ध सभासद दादा ताठ होऊन बसले. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने हे नाटक प्रथम रंगभूमीवर आणले, गोविंदराव टेंब्यांनी त्याला चाली दिल्या आणि त्या चालींनी महाराष्ट्र वेडा केला, हे सर्व ठीकच. परंतु दादांचे 'मानापमान' ते नव्हे. दादांचे 'मानापमान' म्हणजे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात, टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीकरिता, केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी एकत्र येऊन केलेला संयुक्त प्रयोग. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी! तो प्रयोग दादांनी पाहिला होता. पन्नाशी उलटलेल्या ज्या ज्या गृहस्थाशी माझा आजवर परिचय झाला, त्या प्रत्येकानेच तो पाहिलेला आहे. आणि त्या सर्वांचे म्हणणे खरे धरले तर त्या रात्री बालीवाला थिएटराच्या भिंती निदान कल्याणपर्यंत सरकवाव्या लागल्या असल्या पाहिजेत. दादांची आठवण तर अशी सजीव, की दर खेपेस तिच्यातली त्यांची खुर्ची एकेक रांग पुढे सरके. मी चिटणीस झालो तेव्हा ते सातव्या रांगेत होते. सभेच्या दिवशी पाहतो तो ऑर्गनला टेकून बसलेले.

"एका पिंजऱ्यात दोन वाघ," दादा म्हणाले, "पण काय तो विनय! आणि लोकांनी शंभर शंभर रुपये मोजले हो तिकिटाला. एकवीस साली!"

शंभर हा आकडा कानी पडताच इतका वेळ पेंगत असलेले खजिनदार खडबडून जागे झाले आणि नाटक कायम झाले. केशवराव त्या प्रयोगानंतर तीन महिन्यांतच, ऐन एकतिशीत, हे जग सोडून गेले, त्यामुळे त्या रात्रीची बरोबरी पुढे कोणाला करताच आली नाही, हे दुःख तर आहेच; पण एका हस्तपत्रकावर दोन मोठी नावे छापली की द्रव्याचा पाऊस पडतो, ही जी समजूत त्या रात्रीपासून महाराष्ट्रात रूढ झाली, तिने माझ्यासारख्या किती निरुपद्रवी चिटणिसांचा बळी घेतला असेल याची मोजदाद कोणत्याही नाट्येतिहासकाराने केलेली नाही.

नामांकित नटास पत्र कसे लिहावे हे मला ठाऊक नव्हते. नाटकांचे एक कंत्राटदार जिल्ह्याच्या गावी असत, त्यांच्याकडे मी मसुदा घेऊन गेलो. त्यांनी तो न वाचताच पानाच्या डब्याखाली सरकवला.

"नटाला थेट पत्र घालू नका, चिटणीससाहेब. तो होकार देईल."

"मग उत्तमच की."

"होकार देईल आणि येणार नाही. माझ्यामार्फत घातलंत, तर नकार देईल आणि येईल."

हे गूढ मला पुढे उलगडले. कंत्राटदारांनी एकाच टपालाने दोन थोर गायकनटांना धैर्यधराच्या भूमिकेविषयी विचारले होते, कारण त्यांच्या मते एक नाव पुढच्या खुर्च्या भरते, पण पाठीमागची सतरंजी भरायला दुसरेच नाव लागते. दोघांनीही प्रथम बाणेदारपणे नकार कळवला. मग दुसऱ्याला विचारले असल्याचे प्रत्येकास कळले. मग दोघांनीही तारेने होकार पाठवले. त्यांपैकी एकाने धैर्यधर सोडून लक्ष्मीधराची भूमिका पत्करावी, असे मी नम्रपणे सुचवून पाहिले. लक्ष्मीधर हा त्या नाटकातला दागिन्यांनी मढलेला भित्रा श्रीमंत. माझे ते पत्र परत आले ते बेरंग, म्हणजे अपमान तर झालाच, शिवाय त्याचे टपालहशील मीच भरले.

अशा पेचातून मार्ग काढावा तो रावसाहेबांनीच. उभा जन्म ज्यांनी भावाभावांच्या विहिरींत आणि आंब्यांच्या झाडांत हिस्से पाडले, त्यांना एका धैर्यधराचे दोन हिस्से पाडणे ते काय अवघड! एका दुपारी त्यांनी नाटकाचे रीतसर वाटणीपत्र तयार केले. पहिला व दुसरा अंक थोरल्या पातीकडे, चौथा व पाचवा धाकट्या पातीकडे, आणि तिसरा अंक सामाईक, त्याच्या मध्यावर हद्दीची खूण म्हणून एक शिपाई प्रवेश करील आणि "सेनापती धैर्यधर येत आहेत!" अशी वर्दी देईल, त्या वर्दीसरशी थोरल्या धैर्यधरांचा कबजा संपुष्टात येऊन धाकट्या धैर्यधरांचा सुरू व्हावा. पत्रात चतुःसीमाही होती. पूर्वेस ऑर्गन, पश्चिमेस रंगपट, दक्षिणेस प्रेक्षक; उत्तरेस मागचा पडदा, व त्यामागील गोठा वहिवाटीसह. हा शिपाई खाडिलकरांच्या मूळ संहितेत नाही. त्याची नेमणूक चिटणीस या नात्याने मी केली, आणि त्या जागेवर योग्य उमेदवार म्हणून मीच रुजू झालो. तीन आठवडे मी ते चार शब्द न्हाणीघरात घोटत होतो, आणि आमच्या कुटुंबाचे म्हणणे असे की त्या अवधीत घरात दूध घालणाऱ्या गवळ्यालाही मी सेनापती म्हणून वर्दी दिली.

धैर्यधराची वाटणी झाली म्हटल्यावर भामिनीने काय पाप केले होते? एक भामिनी जुन्या जमान्यातली. एकसष्ट वर्षांचे ते गृहस्थ स्त्रीभूमिकेसाठी एके काळी असे गाजलेले, की त्यांच्या नेसण्याची तऱ्हा पाहण्यासाठी सुवासिनी तिकिटे काढीत असे सांगत. दुसरी भामिनी चित्रपटातली. तिची छबी आमच्या गावात साबणाच्या जाहिरातीमुळे घरोघर न्हाणीत लागलेली. थोरल्या भामिनीने पहिला प्रवेश सोडण्यास साफ नकार दिला. धाकट्या भामिनीला दुसऱ्या दिवशी मुंबईत चित्रण असल्याने पहाटेची साडेचारची मेल गाठणे अवश्य, तेव्हा तिचे काम तीनच्या आत संपले पाहिजे. म्हणून पहिले दोन अंक थोरली आणि पुढचे धाकटी, असे ठरले.

आणि येथेच, केवळ योगायोगाने, आमच्या हातून मराठी रंगभूमीची एक सेवा घडली. 'मानापमाना'ची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना स्मरत असेल, की गरीब म्हणून धैर्यधराचा अपमान करणारी भामिनी पुढे वनमाला नावाच्या साध्या मुलीच्या वेषात त्याच्या छावणीत जाते, आणि तो तिला मुळीच ओळखत नाही. या न ओळखण्याविषयी सुबुद्ध प्रेक्षक गेली कित्येक वर्षे मनातल्या मनात हसत आलेला आहे. आमच्या प्रयोगात ती अडचण समूळ नाहीशी झाली. ज्या भामिनीने अपमान केला ती एकसष्ट वर्षांचे गृहस्थ, आणि जी वनमाला होऊन आली ती साबणाच्या जाहिरातीतली तरुणी. शिवाय ज्याचा अपमान झाला तो धैर्यधर निराळा आणि ज्याने तिला ओळखले नाही तो निराळा. अख्ख्या नाटकात कोणीच कोणाला ओळखण्याचे कारण उरले नाही.

मग आला हस्तपत्रकाचा प्रश्न. चार मोठी नावे, पाचवे लक्ष्मीधराचे काम करणारे विनोदी नट, आणि पाचही जणांची अट एकच, की आपले नाव कोणाच्याही खाली नसावे. एका ओळीत छापावे तर डावीकडचा पहिला ठरतो. तिरकस छापावे तर जो वर तो वरच. अखेर आमच्या छापखान्याच्या जुळाऱ्याने डोके चालवून नावे वर्तुळात जुळवली. मध्ये 'मानापमान' आणि सभोवार नावे, राशिचक्रात ग्रह असावेत तशी. आता वर कोण नि खाली कोण हे पत्रक ज्या बाजूने धरावे त्यावर अवलंबून, म्हणून मी निश्चिंत झालो. चौथ्या दिवशी थोरल्या धैर्यधरांचे पत्र आले.

"घड्याळात जेथे बारा असतात त्या ठिकाणी आपण माझे नाव छापले आहे," त्यांनी लिहिले होते. "माझे बारा वाजले असे लोकांस सुचवण्याचा संस्थेचा हेतू असल्यास तसे स्पष्ट कळवावे."

वर्तुळ थोडे फिरवले. त्याबरोबर बाराच्या जागी धाकटी भामिनी आली, तिच्या काकांचे पत्र आले. आणखी फिरवले. शेवटी बाराच्या ठिकाणी एक फूल घातले.

या घालमेलीत माझ्या हातून एक गोष्ट घडली ती कबूल करतो. पत्रकाच्या तळाशी 'आपला नम्र, चिटणीस' असे बारीक ठशात होते, ते वाचायला भिंग लागेल असे मला वाटले, म्हणून एके संध्याकाळी छापखान्यावरून सहज जाताना, जुळाऱ्याला पान देऊन, तो ठसा जरा मोठा घालण्यास मी सुचवले. जुळारी सरळ मनुष्य. त्याने हाती लागला तो सर्वांत मोठा ठसा घातला. जागा पुरेना, तेव्हा जे कोणाचे विशेष नाव नाही असे त्याला दिसले ते त्याने काढून टाकले. अशा रीतीने अडीच हजार पत्रकांवर माझे नाव नाटकाच्या नावाएवढे ठळक आले, आणि खाडिलकरांचे मुळीच आले नाही. हे कोणाच्याही लक्षात आले नाही. माझ्याही नाही, ते मला प्रयोगानंतर वाण्याने हळद बांधून दिली त्या कागदावर दिसले.

तालमीचा विषय मी प्रयोगाच्या दिवशी दुपारी काढला, कारण त्यापूर्वी कोणी आलेच नव्हते. थोरले धैर्यधर रावसाहेबांच्या घरी उतरलेले, धाकटे वकीलसाहेबांच्या. आणि दोन्ही घरांत पाहुण्यांच्या पानात काय वाढले जाते याच्या बातम्या दर अर्ध्या तासाने पलीकडे पोहोचत असल्यामुळे दुपारच्या आत बासुंदीवर श्रीखंड आणि श्रीखंडावर पुरणपोळी अशी चढाओढ लागून दोन्ही सेनापती लोडाला टेकून निपचित पडले होते.

"तालीम? कोणाची, आमची?" थोरले डोळे न उघडता म्हणाले. "पस्तीस वर्षे हे नाटक रक्तात आहे."

धाकट्यांच्याही रक्तात ते होते. दोघांचे रक्तगट तेवढे निराळे. एकाने ते एका मंडळीत शिकलेले, दुसऱ्याने दुसऱ्या. एकाच्या मंडळीने जो प्रवेश गाळला होता त्यावर दुसऱ्याच्या मंडळीचा सारा लौकिक उभा. आणि थोरल्या भामिनीने तर आपल्या मंडळीच्या पडत्या काळात इतर पात्रांचे पगार थकल्यामुळे त्यांचीही भाषणे स्वतःच म्हणण्याचा परिपाठ ठेवला होता, तो त्यांच्या अंगवळणी पडून गेलेला. हे सर्व सांधण्याची जबाबदारी प्रॉम्प्टरवर. हे काम आम्ही हायस्कुलातल्या संस्कृतच्या मास्तरांकडे दिले होते. ते वाक्य देत, आणि नटाने ते म्हटले की त्यातला 'ष' दुरुस्त करीत.

कापसाच्या जिनाच्या आवारात मांडव घातला होता. वेळ साडेनऊची, घंटा झाली सव्वाअकराला, कारण बाराच्या जागी फूल असले तरी आधी रंगायला कोण बसणार हा मुद्दा वर्तुळाने सुटला नव्हता. थोरल्या धैर्यधरांनी प्रवेश केला मात्र, टाळ्यांचा असा कडकडाट झाला की समोर उभ्या असलेल्या पात्राचे भाषण कोणाला ऐकूही आले नाही, आणि त्या पात्राने ते पुन्हा म्हणण्याचा आग्रहही धरला नाही. पहिल्याच पदाला सात वन्समोर. पहिला अंक एक वाजता संपला. विंगेत धाकटे धैर्यधर पूर्ण वेषात, तलवारीवर हात ठेवून, घड्याळाकडे पाहत उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर जो वीररस त्या वेळी दाटला होता, तो पुढे रंगभूमीवर त्यांना तितकासा साधला नाही.

दागिन्यांचे सांगायचे राहिले. लक्ष्मीधराच्या अंगावर खरे दागिने असावेत, त्याशिवाय आपल्याला 'भूमिकेत शिरता येत नाही', असे त्या विनोदी नटाचे म्हणणे पडल्यावरून आम्ही गावच्या सराफाकडून सोने मागून आणले होते. सराफाने ते दिले, पण सोबत आपला मुनीम आणि यादी दिली. मुनीम उजव्या विंगेत बसून दर प्रवेशाला डाग मोजून देई आणि मोजून घेई. दुसऱ्या अंकात लक्ष्मीधर घाबरून पळतो तो, ठरल्याप्रमाणे उजवीकडे न जाता, ऐन आवेशात डावीकडे पळाला. मुनिमाचे काळीज लक्कन हलले. तो उठला, धोतराचा सोगा सावरला, चष्मा कपाळावर घेतला, आणि भर रंगभूमीवरून, "पाटल्या दोन, गोठ दोन, कंठा एक," असे मोठ्याने वाचीत, कोणाकडेही न पाहता, डावीकडे निघून गेला. मांडव हसून लोळला. वन्समोरच्या आरोळ्या उठल्या. मुनीम पुन्हा आला, कारण कंठा कमी भरला होता. आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकाने पुढे जे परीक्षण छापले, त्यात 'एका नवोदित नटाचा संयत अभिनय' एवढ्याचाच गौरव होता.

तिसरा अंक लागला तेव्हा अडीच वाजून गेले होते. धाकट्या भामिनी वनमालेच्या वेषात आल्या, मांडवातले झोपलेले अर्धे लोक कोणी हलवल्याशिवाय जागे झाले, आणि थोरल्या धैर्यधरांना, ज्यांची वाटणी संपत आली होती, पुन्हा तारुण्य आले. त्यांनी एक पद धरले ते सोडीनात. तान घेऊन समेवर यावे, समेवरून पुन्हा तानेत जावे. ऑर्गनवाल्याने दोनदा आवरते घेतले तरी यांचे आपले सुरूच. इकडे विंगेत धाकटे धैर्यधर माझ्या खांद्याला धरून म्हणाले, "जा. वर्दी द्या."

"पण ते अजून—"

"हद्द ओलांडली त्यांनी. जा!"

मी गेलो. समोर हजार डोळे, डाव्या हाताला ऑर्गन, पाय स्वतःचे वाटत नव्हते. तीन आठवडे घोटलेले वाक्य मी म्हटले, आणि ते इतक्या खणखणीत आवाजात म्हटले की थोरल्यांची तान मध्येच तुटली.

"सेनापती धैर्यधर येत आहेत!"

आणि सेनापती धैर्यधर समोर असतानाच सेनापती धैर्यधर आले. तोच पोशाख, तसाच फेटा, तीच तलवार. क्षणभर मांडवात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. त्याऐवजी मास्तरांनी विंगेतून तिसऱ्याच प्रवेशातले वाक्य दिले, ते सर्वांना ऐकू आले.

"कोण हा तोतया?" थोरले गरजले.

"तोतया कोण ते वाटणीपत्रात पाहा!" धाकटे म्हणाले.

"यांतले सेनापती कोणते?" वनमालेने मला विचारले. हे वाक्य नाटकात नाही. पण प्रश्न रास्त होता, आणि शिपाई म्हणून त्याचे उत्तर देणे माझ्याकडे होते. मी दोघांनाही मुजरा केला. त्या एका मुजऱ्याने दोघेही कायमचे माझ्यावर रुष्ट झाले. कारण प्रत्येकाच्या मते तो आधी दुसऱ्याला झाला.

मग दोघांनी तेच पद एकदम धरले. थोरल्यांची पट्टी काळी एक, धाकट्यांची पांढरी चार. ऑर्गनवाला निःपक्षपाती गृहस्थ होता. त्याने दोहोंच्या बरोबर मध्ये येणारी काळी दोन धरली, आणि दोघांचाही सारखाच अपमान केला. पुढची वीस मिनिटे जे चालले त्याला संगीत म्हणावे की सरहद्दीवरची चकमक, हे मी ठरवू शकत नाही; पण लोक खुर्च्यांवर उभे राहिले, टोप्या उडाल्या, आणि चार वन्समोर झाले. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त राजद्रोह दडला आहे म्हणून सरकारने त्यावर १९१० साली बंदी घातली, ती तसदी त्यांनी व्यर्थ घेतली असे मला त्या रात्रीपासून वाटू लागले आहे. त्या नाटकात दोन नामांकित कीचक आणि अडीच नामांकित भीम घालण्याचा हुकूम सोडला असता, तर कोणाला जास्त टाळ्या पडल्या याखेरीज दुसरा विचार घेऊन एकही प्रेक्षक घरी गेला नसता.

चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात धाकट्या भामिनी एक वाक्य बोलता बोलता थांबल्या, मनगटावरचे घड्याळ पाहिले, प्रेक्षकांना नमस्कार केला, आणि मोटारीत बसून आठ मैलांवरच्या स्टेशनकडे निघून गेल्या. म्हणूनच मी भामिनी पावणेदोन धरतो. आता उरलेल्या नाटकाला नायिका नाही! मी रंगपटात धावलो. थोरल्या भामिनी रंग पुसून, पिठलेभात खाऊन, मिशीची जागा खाजवीत कपडेपटाच्या पेटीवर निजल्या होत्या.

"उठा हो, भामिनी हवी आहे!"

"माझी वाटणी दुसऱ्या अंकापर्यंत," ते कुशीवर वळत म्हणाले. "कागद रावसाहेबांकडे आहे."

शेवटचा दीड अंक धाकट्या धैर्यधरांनी विंगेशी प्रेम केले. भामिनीची वाक्ये मास्तर आतून म्हणत, आणि सेनापतींनी प्रेमाच्या भरात एखादे अक्षर चुकवले की ती प्रिया त्यांना व्याकरण सांगे. अखेरच्या मिलनाच्या क्षणी विंगेतून एक हात बाहेर आला, त्याच्या बोटांवर तांबड्या शाईचे डाग होते, धैर्यधरांनी तो हाती घेतला, आणि पडदा पडला. बाहेर उजाडले होते. गवळी आला होता. सवयीने मी त्यालाही वर्दी दिली.

घरी येऊन आडवा होतो न होतो तोच आमच्या कुटुंबाने, जे स्त्रियांच्या बाजूला पहिल्यापासून शेवटपर्यंत जागे होते, विचारले, "ते सगळं झालं. पण लग्न कोणाचं कोणाशी लागलं?"

मी झोपेचे सोंग घेतले.

गावात मात्र दुसरे दिवशी धन्य धन्य झाली. असा प्रयोग झाला नाही, होणार नाही, असे जो तो म्हणू लागला. दादा दुसऱ्या अंकातच झोपी गेले होते, हे मी स्वतः पाहिले आहे, कारण त्यांचे डोके माझ्या शिपायाच्या फेट्यावर टेकलेले होते. पण महिन्याभरातच ते दोन धैर्यधरांची जुगलबंदी तानेगणिक सांगू लागले, आणि त्यांची खुर्ची यंदा पुन्हा ऑर्गनजवळ पोहोचली आहे. मांडवात आठशे माणसे मावत होती. ती रात्र प्रत्यक्ष पाहिलेली तीन हजार माणसे एकट्या आमच्या पेठेत आहेत.

हिशेबाचे काय विचारता! नाइटीच्या रकमा, साथीदार, मांडव, करमणूक कर, बासुंदीचे दूध दोन घरांचे, मोटार, आणि मुनिमाच्या कंठ्यातला एक मणी वजा जाता शिल्लक राहिली एकेचाळीस रुपये सहा आणे. छप्पर तर होणे नव्हते. तेव्हा निदान या ऐतिहासिक प्रयोगाच्या स्मरणार्थ एक कोनशिला बसवावी, आणि तिच्यावर ज्यांनी साहाय्य केले त्यांची नावे कोरावीत, असे ठरून त्या रकमेचा एक चांगला काळा दगड आणला. तो आणला त्याच संध्याकाळी नावांच्या क्रमाविषयी सभा भरली. वर्तुळाची सूचना पुन्हा आली; पाथरवट म्हणाला, वर्तुळ कोरायचे दुप्पट पडतील.

दगड अजून कोराच आहे. वाचनालयाच्या परसात विहिरीपाशी पडलेला असतो. शेजारच्या दोन बिऱ्हाडांनी धुण्यासाठी तो वापरू द्यावा असे स्वतंत्र अर्ज गेल्या आठवड्यात केले आहेत, आणि सकाळी आधी कोणी धुवायचे याचे वाटणीपत्र रावसाहेब सध्या लिहीत आहेत.